घरच्या घरी गाडीच्या ब्रेकची आणि क्लचची हवा काढताना

ब्रेकचं पेडल दाबल्यावर रबरी चेंडू दाबल्यासारखं लवचिक लागतंय, दोन-चारदा भराभर दाबलं की जरा वर येऊन कडक होतंय, तर ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली असण्याची शक्यता मोठी आहे. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर चाकापर्यंत पोचण्याऐवजी बुडबुडा आवळण्यातच संपतो. तो बुडबुडा चाकाजवळच्या निपलमधून (हवा काढण्यासाठीच असलेल्या छोट्या पोकळ स्क्रूमधून) बाहेर काढायचा, एवढंच हे काम. दोन माणसं, एक लिटर ब्रेक ऑइल, पारदर्शक नळी आणि दोन-तीन तास एवढं हाताशी असेल तर ते घरी होतं. पण बिघडलेलं प्रत्येक पेडल हवेमुळे बिघडलेलं नसतं, म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी पेडलची परीक्षा करा.

आधी दुखणं ओळखा

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधली (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातली) निर्वात शक्ती संपेल. मग एकदा जोरात दाबून अर्धा मिनिट तसंच धरा.

पेडल स्पंजासारखं दबतंय आणि सोडल्यावर उसळतंय, तर हवा. पहिल्या दाबाला खूप खाली जातंय, दुसऱ्या दाबाला वर येतंय, पण दोन्ही वेळा शेवटी टणक लागतंय, तर बहुतेक वेळा मागच्या ड्रममधले ब्रेक शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) ड्रमपासून लांब गेलेले असतात. त्यांची जुळणी करावी लागते, हवा काढून काही उपयोग नाही. टणक लागलेलं पेडल पायाखाली हळूहळू बुडत चाललंय आणि बाहेर कुठे गळतीही दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरच्या) आतलं रबरी सील झिजलंय. तिथे सील किट किंवा नवा मास्टर सिलिंडर लागतो. आणि इंजिन चालू असतानाही पेडल दगडासारखं कडक असेल, गाडी मात्र नीट थांबत नसेल, तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूम नळी तपासा.

हे न बघता थेट हवा काढायला बसलं की अर्धा लिटर ऑइल वाया जातं आणि पेडल होतं तिथेच राहतं.

दुसरा प्रश्न, हवा आली कुठून? ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते, तिच्यात हवा आपोआप शिरत नाही. कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा भाग), होज पाईप किंवा व्हील सिलिंडर (ड्रममधले शू ढकलणारा भाग) बदलताना जोड उघडला असेल, ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल तळाला गेलं असेल, कुठेतरी गळती असेल, नाहीतर जुन्या ऑइलमधलं पाणी उकळलं असेल. पहिल्या कारणात हवा काढली की प्रश्न मिटतो. टाकी रिकामी झाली असेल तर ऑइल गेलं कुठे ते आधी शोधावं लागतं. चारही चाकांच्या आतल्या बाजू, रबरी होज, मागच्या ड्रमची खालची कड, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्यामधला जोड या जागा टॉर्च लावून बघा. ओल दिसली तर तो भाग आधी बदला. गळती तशीच ठेवून हवा काढली तर आठवड्याभरात पेडल पुन्हा खाली जाईल, आणि ते कुठल्या वळणावर जाईल हे आपल्या हातात नाही.

पाणी उकळण्याचं दुखणं आपल्याकडे पावसाळ्यात आणि घाटात जास्त कळतं. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं. होजच्या रबरातून आणि टाकीच्या झाकणातून तो वर्षभर थोडा थोडा आत येत असतो. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. आंबोली किंवा वरंध उतरताना सतत ब्रेकवर पाय राहिला की कॅलिपर तापतो, ऑइलमधलं पाणी वाफ होतं, आणि ती वाफ हवेसारखीच दबते. पेडल एकदम मऊ पडतं. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक लागायला लागतात, त्यामुळे खाली पोचल्यावर मेकॅनिकला काहीच सापडत नाही. यावर इलाज एकच: जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरायचं. बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरच्या आसपास हे सांगतात. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत बघा.

ऑइल कोणतं

टाकीच्या झाकणावरच ऑइलचा दर्जा लिहिलेला असतो: डॉट ३ किंवा डॉट ४. तेच आणा. मानकानुसार नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३० आणि डॉट ५.१ चा २६० असावा लागतो. साधारण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. घाटातला मघाचा सगळा प्रकार या दोन ओळींतल्या फरकामुळे होतो.

डॉट ३ मागितलेल्या गाडीत डॉट ४ चालतं, उलट करू नका. ही तिन्ही ग्लायकॉल जातीची असल्याने एकमेकांत मिसळली तरी बिघाड होत नाही. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं आणि ते यांपैकी कशातच मिसळत नाही. ५ आणि ५.१ या आकड्यांनी दुकानदारही फसतो, म्हणून बाटली स्वतः वाचा. आणि नाव ब्रेक ऑइल असलं तरी इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंग ऑइल किंवा ग्रीस यांचा थेंबही या यंत्रणेत जाता कामा नये. खनिज तेलाने सगळी रबरी सील फुगतात, आणि मग मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत रबराचा प्रत्येक भाग बदलायची वेळ येते. ज्या नरसाळ्याने इंजिन ऑइल ओतलं ते नरसाळंही वापरू नका.

छोट्या हॅचबॅकच्या यंत्रणेत साधारण अर्धा ते पाऊण लिटर ऑइल असतं. नुसती हवा काढायची तर ५०० मिली पुरतं. पूर्ण बदलायचं आणि क्लचही करायचा तर एक लिटर आणा. सीलबंद बाटलीच घ्या. गेल्या वर्षी उघडून अर्धी ठेवलेली बाटली कपाटात बसून दमट झालेली असते, ती वापरायची नाही. बाटली हलवूही नका, हलवलेल्या ऑइलमध्ये बारीक बुडबुडे अडकतात आणि तेच आपण टाकीत ओततो.

हे ऑइल गाडीचा रंग खातं. थेंब पडला की पुसत बसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. बोनेटच्या कडेला जुनी चादर घाला आणि पाण्याची एक बाटली कायम हाताशी ठेवा. हातमोजे आणि चष्मा घाला, कारण निपल उघडताना ऑइल डोळ्यांच्या रेषेत उडतं.

सामान

निपलला बसणारा रिंग पाना लागेल, बहुधा ८, १० किंवा ११ नंबरचा. साध्या तोंडाचा पाना निपलचे कोपरे गोल करतो, तो दूरच ठेवा. निपल जुनं, गंजलेलं असेल तर सुरुवातीला सहा कोपऱ्यांचं सॉकेट सगळ्यात सुरक्षित. नळीसाठी माशांच्या टाकीची पारदर्शक नळी चालते, आतून ४ ते ५ मिलीमीटरची, मीटरभर लांब. ती निपलवर घट्ट बसली पाहिजे. अर्धा लिटरची रिकामी बाटली, तिच्या झाकणाला नळी जाईल एवढं भोक आणि शेजारी हवा जायला दुसरं बारीक भोक. औषधाच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज. गंज सोडवणारा स्प्रे, तारेचा ब्रश, स्वच्छ सुती फडकी, पेडलखाली ठेवायला इंचभर जाडीचा लाकडी ठोकळा.

आणि जॅक-स्टँड, ज्याला गॅरेजात घोडी म्हणतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. विटांवर किंवा काँक्रीटच्या ब्लॉकवर गाडी टेकवायची नाही. ते भार घेताघेता अचानक फुटतात. जागा सपाट आणि कडक हवी, सोसायटीच्या उतारावरचं पार्किंग चालणार नाही. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा. मागची चाकं उचलत असाल तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांचे ठोकळे नीट बघून घ्या. मागचं निपल बऱ्याच गाड्यांत चाक न काढताही हाताला लागतं. घराजवळ खड्ड्याचा रॅम्प असेल तर जॅकची कटकटच नाही.

मागच्या एक्सलला जोडलेला भारानुसार चालणारा व्हॉल्व्ह काही जुन्या व्हॅन, जीप आणि मोठ्या गाड्यांत असतो. मागची बाजू उचलून एक्सल लटकला की हा व्हॉल्व्ह गाडी रिकामी आहे असं समजून मागचा प्रवाह आवळतो, आणि मागच्या चाकातून ऑइल ठिबकतच राहतं. अशा गाडीत घोड्या एक्सलखाली लावा, म्हणजे स्प्रिंगवर भार राहील. काहींमध्ये त्या व्हॉल्व्हलाही स्वतंत्र निपल असतं.

निपल सैल होतंय का ते पहिल्यांदा बघा

घरी हे काम अडतं ते बहुतेक इथेच. वर्षानुवर्षं न हललेलं निपल जोर लावला की तुटतं, आणि मग कॅलिपर किंवा व्हील सिलिंडरच बदलावा लागतो. म्हणून ऑइलला हात लावण्यापूर्वी चारही निपलांची रबरी टोपी काढा, तारेच्या ब्रशने माती आणि गंज साफ करा, स्प्रे मारा. शक्य असेल तर रात्रभर मुरू द्या. सॉकेट पूर्ण बसवून त्यावर छोट्या हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या, मग आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने आणि नंतर सैल करण्याच्या दिशेने हलवा. सुटलं की लगेच परत बंद करा. पाना लवतोय पण निपल फिरत नाही, असं लागलं तर थांबा. ते चाक गॅरेजमध्ये गरम करून सोडवून घेणं स्वस्त पडतं. चारपैकी एकही निपल अडलं असेल तर बाकीची तीन उघडून काम अर्धवट सोडू नका.

निपलचं तोंड नेहमी कॅलिपरच्या वरच्या टोकाला असतं, कारण हवा वर जमते. नवे कॅलिपर बसवताना डावा-उजवा उलटे लागले तर निपल खाली येतं, आणि कितीही ऑइल ओता, हवा निघत नाही. कॅलिपर नुकतेच बदलले असतील आणि पेडल काही केल्या टणक होत नसेल तर हे एकदा बघाच.

कोणतं चाक आधी

जुना नियम असा की मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक पहिलं. आपल्या गाड्यांत मास्टर सिलिंडर ड्रायव्हरसमोर उजवीकडे असतो, म्हणून क्रम होतो: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. अमेरिकेत किंवा आखातात डाव्या स्टिअरिंगची गाडी असेल तर मागचं उजवं पहिलं.

पण पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या दोन लाइन तिरक्या विभागलेल्या असतात, एका लाइनवर मागचं डावं आणि पुढचं उजवं, दुसरीवर उरलेली दोन. तिथे कंपनी मागचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, पुढचं डावं असा क्रम सांगू शकते. काही एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांचा क्रम याहून वेगळा असतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला क्रम मिळाला तर तोच पाळा. चुकीच्या क्रमाने ब्रेक निकामी होत नाहीत, फक्त हवेचा एखादा बुडबुडा मागे राहतो आणि पुन्हा फेरी मारावी लागते.

प्रत्यक्ष काम

टाकीचं झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ ओल्या फडक्याने पुसा. सिरिंजने टाकीतलं काळपट ऑइल जमेल तेवढं ओढून घ्या. आतल्या जाळीला टोचू नका आणि तळाची भोकं उघडी पडतील इतकं खाली जाऊ नका. नवं ऑइल टाकीच्या कडेवरून हळू ओतत वरच्या खुणेपर्यंत भरा. झाकण नुसतं टेकवून ठेवा, आवळू नका.

पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पेडल तळापर्यंत जात नाही, त्यामुळे मास्टर सिलिंडरच्या शेवटच्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो. हवा काढताना पेडल थेट तळाला गेलं की सील त्या खरखरीत भागावरून घासतं आणि फाटतं. जुन्या गाडीत हवा काढली आणि दोन दिवसांत मास्टर सिलिंडर गेला, या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

इंजिन बंद. रिंग पाना निपलवर चढवा, त्यावर नळी बसवा. नळी निपलपासून आधी थोडी वर जाऊन मग बाटलीत उतरू द्या, म्हणजे बुडबुडे वर निघून जातात. बाटलीत दोन-तीन सेंटिमीटर नवं ऑइल आधीच ओता आणि नळीचं टोक त्यात बुडवून ठेवा. आता पेडलवर बसलेल्या माणसाशी शब्द ठरवून घ्या. एवढ्या कामात घरोघरी भांडणं होतात ती शब्द न ठरवल्यामुळेच.

१. तुम्ही म्हणायचं, “दाब.” पेडलवरचा माणूस तीनदा हळू दाबून सोडतो, चौथ्यांदा दाबून तसंच धरतो आणि सांगतो, “धरलंय.”
२. निपल पाव ते अर्धा फेरा सैल करा. नळीतून ऑइल येतं, पेडल ठोकळ्यापर्यंत खाली जातं. तो सांगतो, “टेकलं.” पाय मात्र उचलत नाही.
३. निपल बंद करा.
४. मगच म्हणा, “सोड.” पेडल सावकाश वर येऊ द्या, दोन-तीन सेकंद थांबा, पुन्हा पहिल्यापासून.

तिसरी आणि चौथी पायरी उलटली तर पेडल वर येताना निपलमधून हवा परत आत ओढली जाते. नवशिक्यांची तासभराची मेहनत इथेच वाया जाते. पेडल धडाधड मारायचंही नाही. जोरात हाणलं की मोठा बुडबुडा फुटून त्याचा फेस होतो, आणि फेस नळीच्या भिंतीला चिकटून बसतो.

दर पाच-सहा फेऱ्यांनी उठून टाकी बघा. खालच्या खुणेच्या खाली ती जाता कामा नये. एकदा जरी टाकी रिकामी झाली तर मास्टर सिलिंडरमध्येच हवा जाते आणि पहिल्या चाकापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. एबीएस असेल तर त्याहून वाईट, ते पुढे येतंच.

मागच्या लांबच्या चाकातून १५० ते २०० मिली, पुढच्या चाकातून १०० ते १५० मिली निघालं की साधारण नळीतलं ऑइल स्वच्छ, फिकट पिवळं दिसू लागतं. बुडबुडे थांबले की लगेच उठू नका, आणखी तीन-चार फेऱ्या करा. मग निपल आवळा, पण बेताने. साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर म्हणजे आखूड पान्यावर मनगटाचा जोर. पाय लावून आवळलेलं निपल पुढच्या वेळी तुटतं. टोपी घाला, पाण्याने धुवा, पुढच्या चाकाकडे जा.

बाटलीतलं निघालेलं ऑइल कितीही स्वच्छ दिसलं तरी टाकीत परत ओतायचं नाही. ते बुडबुड्यांनी भरलेलं असतं.

मास्टर सिलिंडर नवा बसवत असाल तर तो गाडीवर चढवण्याआधी बाकावर शिकंज्यात धरून भरून घ्या: दोन्ही तोंडांना छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं त्याच्याच टाकीत बुडवा आणि पिस्टन बुडबुडे थांबेपर्यंत हळू दाबत राहा. हे टाळलं तर त्याच्या पोटातली हवा चाकांपर्यंत ढकलत नेताना दुप्पट ऑइल जातं.

एकटेच असाल तर

एका दिशेने जाऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह नळीत बसवला की पेडल सोडल्यावर हवा परत येत नाही आणि एकट्याला काम करता येतं. व्हॉल्व्ह चांगला असेल तर हे ठीक चालतं, पण बुडबुडे थांबले का ते बघायला दर वेळी उतरून मागे जावं लागतं.

हाताने ओढायचा व्हॅक्यूम पंपही मिळतो. त्याने ऑइल भराभर निघतं, पण निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा नळीत येत राहते आणि बुडबुडे काही थांबत नाहीत. ते बुडबुडे यंत्रणेतले नसतात. म्हणून व्हॅक्यूमने जुनं ऑइल काढा, शेवटच्या चार-पाच फेऱ्या पेडलनेच करा. टाकीवर बसवायचा प्रेशर ब्लीडर सगळ्यांत सोपा, फक्त दाब १५ पीएसआयच्या वर नेऊ नका. प्लास्टिकची टाकी फुटते आणि ऑइल सगळ्या इंजिनवर उडतं.

नुसतं निपल उघडून ठेवायचं आणि ऑइल आपल्या वजनाने ठिबकू द्यायचं, हाही एक मार्ग आहे. वेळ लागतो, टाकीवर लक्ष ठेवावं लागतं, पण सील घासत नाहीत. जुन्या गाडीसाठी वाईट नाही.

एबीएस असलेल्या गाड्या

२०१९ नंतरच्या जवळपास सगळ्या कारमध्ये एबीएस आहे. नुसतं ऑइल बदलायचं आणि टाकी एकदाही रिकामी होऊ दिली नाही, तर वरची पद्धत तशीच चालते. टाकी रिकामी झाली किंवा एबीएसचं युनिट उघडलं, तर हवा त्याच्या आतल्या बंद व्हॉल्व्हमागे अडकते. स्कॅनर लावून युनिटचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय ती निघत नाही. चारही चाकांतून स्वच्छ ऑइल येतंय आणि पेडल तरी मऊच आहे, तर गाडी टो करून स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये न्या.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना या पद्धतीने हात लावू नका. त्यांपैकी काहींत नुसतं दार उघडलं तरी ब्रेकचा पंप आपोआप सुरू होतो.

क्लच

आधी तुमचा क्लच ऑइलवर चालतो का ते बघा. मारुती ८००, ऑल्टो अशा छोट्या गाड्यांत क्लचला केबल असते. तिथे हवेचा प्रश्नच नाही. होंडा सिटी, इनोव्हा यांसारख्या गाड्यांत क्लच ऑइलवर असतो. गिअरबॉक्सच्या बाहेर छोटा सिलिंडर आणि त्याला आलेली पातळ नळी दिसली तर तो स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने क्लच ढकलणारा. काही गाड्यांत हा सिलिंडर गिअरबॉक्सच्या पोटातच, बेअरिंगसोबत असतो. बाहेर फक्त नळी आणि निपल दिसतं.

क्लचमध्ये हवा शिरल्याची खूण म्हणजे इंजिन चालू असताना गिअर अडतात, रिव्हर्स टाकताना खरखर आवाज येतो, आणि इंजिन बंद केलं की तेच गिअर लोण्यासारखे पडतात. पेडल खालीच चिकटून बसतं किंवा दोन-तीनदा दाबल्यावर गिअर पडतो.

इथे गळती शोधणं ब्रेकपेक्षाही महत्त्वाचं. क्लच पेडलच्या वर, जिथे दांडा भिंतीत शिरतो तिथे बोट फिरवा, पायाखालचं कार्पेट उचलून बघा. खाली स्लेव्ह सिलिंडरची रबरी टोपी जराशी उचला. कुठेही ऑइल दिसलं तर तो सिलिंडर गेला. क्लचची हवा दर महिन्याला काढावी लागतेय, याचा अर्थ दुसरा काही नसतो.

बऱ्याच गाड्यांत क्लचला वेगळी टाकी नसते, ब्रेकच्याच टाकीच्या कुशीतून त्याची नळी निघते. ती मुद्दाम वरच्या बाजूला काढलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं ऑइल शिल्लक राहील. साहजिकच क्लचची हवा काढताना टाकी ‘निम्मी आहे, चालेल’ असं म्हणून भागत नाही. नळीच्या तोंडाच्या वर ऑइल हवंच, नाहीतर एकीकडून हवा काढता आणि दुसरीकडून भरता.

पद्धत ब्रेकसारखीच: पेडल पूर्ण दाबा, निपल उघडा, बंद करा, सोडा. फरक दोन. क्लचचं पेडल हवेमुळे खालीच राहतं, ते दर वेळी हाताने वर ओढावं लागतं. आणि क्लचचा एक दाब फार थोडं ऑइल ढकलतो, त्यामुळे नळी वळण घेऊन वर जाते तिथे बुडबुडा अडकून पुढे-मागे हलत राहतो. १०० ते १५० मिली गेल्यावरही क्लच मऊच असेल तर उलटी पद्धत करा. टाकीतून सिरिंजने ६०-७० मिली काढून जागा करा. सिरिंजमध्ये ५० मिली नवं ऑइल भरा, तिला नळी जोडा, नळीतली हवा ऑइलने ढकलून बाहेर काढा, मग निपलवर लावा. निपल अर्धा फेरा उघडून सिरिंज सावकाश दाबा. हवा स्वभावानेच वर जाते, आपण तिला तिच्या दिशेने ढकलतोय. टाकीत बुडबुडे येताना दिसतात. टाकी भरत आली की थांबा. खालचं काळं ऑइल ब्रेकच्या टाकीत जाऊ नये म्हणून ही पद्धत क्लचमधून जुनं ऑइल काढून झाल्यावरच वापरायची.

बाहेरचा स्लेव्ह सिलिंडर असेल तर आणखी एक युक्ती आहे. निपल बंद ठेवून त्याचा दांडा हाताने हळू आत दाबा आणि सोडा, आठ-दहा वेळा. बुडबुडा टाकीकडे चढतो. सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत असलेल्या गाडीत हे जमत नाही. तिथे काहींना निपलऐवजी क्लिप असते: क्लिप उचलून नळी पहिल्या खाचेपर्यंतच बाहेर ओढायची, ऑइल येतं, मग परत दाबून बसवायची. जास्त ओढली तर नळी सुटून हातात येते.

झाल्यावर इंजिन सुरू करा, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला तर काम झालं.

रस्त्यावर नेण्याआधी

टाकी वरच्या खुणेपर्यंतच भरा, त्यावर नाही. पुढचे पॅड झिजले की ऑइल टाकीतून कॅलिपरमध्ये उतरतं आणि नवे पॅड घातले की तेवढंच परत येतं. काठोकाठ भरलेली टाकी तेव्हा उतू जाते. झाकण आवळा.

इंजिन बंद ठेवून पेडल टणक होईपर्यंत दाबा आणि अर्धा मिनिट जोर धरून ठेवा. ते बुडता कामा नये. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर घाबरू नका, तो बूस्टर काम करतोय. कोणाला तरी पेडल दाबून धरायला सांगून चारही निपलांवर कोरडा टिश्यू टेकवा. डाग उमटला तर निपल थोडं आणखी आवळा.

चाकांचे नट गाडी जमिनीवर आल्यावर समोरासमोर आवळा. हँडब्रेक धरतोय का बघा. मग आवारातच, चालण्याच्या वेगाने, दोन-तीनदा ब्रेक मारा. गाडी सरळ थांबली, पेडल प्रत्येक वेळी एकाच उंचीला टणक लागलं, ब्रेकचा किंवा एबीएसचा दिवा लागला नाही, तरच मोकळ्या रस्त्यावर ३० च्या वेगाने तपासा. पेडलबद्दल जराही शंका असेल तर फाटकाबाहेर जाऊ नका.

निघालेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. ते विषारी आहे आणि पाण्याच्या बाटलीत ठेवलं तर दिसायला सरबतासारखं दिसतं, म्हणून बाटलीवर ठळक लिहा आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. जुनं इंजिन ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या, पण इंजिन ऑइलमध्ये मिसळून नको, वेगळ्या बाटलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर टाकीची पातळी आणि चारही निपलं परत एकदा बघा. पातळी उतरली असेल तर वरून भरू नका, गळती शोधा.